राजाचा प्रवास, रयतेचा पैसा: ब्रिटनच्या राजघराण्याचा हिशेब

टेम्सकाठ (धागाकर्ता)

२०२५ च्या उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेसने जाहीर केलं की राजाची खास आगगाडी २०२७ पर्यंत कायमची बंद होणार. राणी व्हिक्टोरिया १३ जून १८४२ ला स्लाउहून पॅडिंग्टनला आगगाडीने आली, तिथपासून चालत आलेली ही प्रथा. नऊ डब्यांची ती गाडी वोल्व्हर्टनला उभी असते आणि वर्षात मोजक्याच वेळा बाहेर पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजा चार्ल्स तिच्यातून स्टॅफर्डशायरला गेले, त्या एका दौऱ्याला ४४ हजार पौंडांच्या वर खर्च आला.

काटकसर म्हणून बातमी चांगलीच आहे. पण त्याच वेळी आलेल्या वार्षिक हिशेबात याहून मोठी गोष्ट होती. तिच्यावर बोलायला हवं म्हणून हा धागा काढतोय.

२०२४-२५ मध्ये राजघराण्याच्या कामकाजी प्रवासावर ४७ लाख पौंड गेले, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे पाच लाख जास्त. हेलिकॉप्टरच्या १४१ फेऱ्या झाल्या, त्यांचे पावणेपाच लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजा-राणी सामोआला राष्ट्रकुल परिषदेसाठी गेले, त्या प्रवासाचे चार लाखांच्या वर. या आकड्यांचे लगेच मथळे होतात, कारण हेलिकॉप्टर डोळ्यांना दिसतं. हे पैसे ठरतात कसे, ते मात्र फारसं कुणी बघत नाही.

१७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजसत्तेच्या जमिनींचं उत्पन्न सरकारकडे सोपवलं आणि बदल्यात संसदेकडून वार्षिक नेमणूक घेतली. त्या जमिनी म्हणजे आजची 'क्राउन इस्टेट': लंडनची रीजंट स्ट्रीट, विंडसरचं मोठं उद्यान आणि इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ. २०११ च्या कायद्याने जुनी नेमणूक संपली आणि २०१२ पासून 'सॉव्हरिन ग्रँट' सुरू झाली. क्राउन इस्टेटच्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याचे १५ टक्के, एवढी रक्कम सरकारी खजिन्यातून द्यायची. पुढे पॅलेसमधल्या जुन्या वायरी, पाइप आणि बॉयलर बदलायचं ३६.९ कोटी पौंडांचं दहा वर्षांचं काम निघालं आणि २०१७ पासून टक्का २५ झाला. मग समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी कंपन्यांनी भरलेल्या रकमांमुळे नफा एकदम वर जाणार असं दिसलं, तेव्हा तो १२ वर आणला.

कळीचा मुद्दा पुढे आहे. कायद्याप्रमाणे ही रक्कम आदल्या वर्षापेक्षा कमी होऊच शकत नाही. २०२२-२३ चा नफा होता ४४.२६ कोटी पौंड. त्याचे १२ टक्के म्हणजे साधारण ५.३ कोटी. पण २०२४-२५ मध्ये राजघराण्याला मिळाले ८.६३ कोटी, कारण त्याआधी तेवढे मिळत होते. नंतरच्या वर्षाचा नफा ११० कोटींवर गेला, तेव्हा मात्र सूत्र बिनचूक लागू झालं आणि २०२५-२६ ला रक्कम १३.२१ कोटी झाली. पॅलेस सांगतो की ही वाढ दुरुस्तीच्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे. दुरुस्ती खरी आहे, हे मान्य. पण नफा घटला तर झळ नाही आणि वाढला तर वाटा आहे, असा करार कुठल्या खात्याला मिळतो? इथल्या इस्पितळांना मिळतो का? शाळांना?

टक्का ठरवणारे विश्वस्त तीन. पंतप्रधान, अर्थमंत्री आणि राजाचा स्वतःचा खजिनदार. म्हणजे घेणाराच देणाऱ्यांच्या पंगतीत बसलेला.

राजा हवा की नको, हा माझा प्रश्नच नाही. इथल्या बहुसंख्य लोकांना राजा हवा असेल तर असू दे. माझी तक्रार अशी की सूत्र लावून पैसे देण्याच्या पद्धतीत 'हा दौरा कशासाठी होता, साध्या आगगाडीने का जमलं नाही' हे दर वर्षी खडसावून विचारायची जागाच उरली नाही. माझ्या भागातलं वाचनालय आता आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं. ते ठरलं तेव्हा कौन्सिलच्या सभेत खर्चाच्या एकेका ओळीवर चर्चा झाली. नागरिकांनी प्रश्न विचारले, मीही विचारले. वाचनालयाच्या दिव्यांच्या बिलावर जेवढी चर्चा होते तेवढी हेलिकॉप्टरवर व्हावी, एवढंच मागतोय.

तुमच्या देशात, तुमच्या गावाच्या इतिहासात याबद्दल काय अनुभव आहे ते लिहा.

मुठेकाठी

माहिती सविस्तर दिलीत, धन्यवाद. पण थोडं ताणताय असं वाटतं. सॉव्हरिन ग्रँट माणशी वर्षाला दीड-दोन पौंडांच्या घरात येते. क्राउन इस्टेट खजिन्यात ११० कोटी घालते आणि त्यातले १३ कोटी परत जातात, म्हणजे देश फायद्यातच आहे. उद्या राष्ट्राध्यक्ष निवडला तरी त्याला बंगला, विमान, पहारा लागणारच ना? पर्यटनाचं उत्पन्न वेगळंच.

टेम्सकाठ

मुठेकाठी, हे तिन्ही मुद्दे इथेही रोज ऐकू येतात, म्हणून नीट उत्तर देतो.

क्राउन इस्टेट चार्ल्स यांची खासगी मालमत्ता नाही. ती राजपदाची आहे, त्यांना ती विकता येत नाही आणि तिचा नफा त्यांचा नाही. त्यामुळे 'राजा आपल्या कमाईतून देशाला देतो' हे चित्रच चुकीचं आहे. त्यांची खासगी मिळकत म्हणजे लँकेस्टरची डची (वंशपरंपरेची जहागीर), आणि युवराज विल्यम यांची कॉर्नवॉलची डची. ती याच्या बाहेर आहे.

माणशी दोन पौंडांत पोलीस धरलेले नाहीत. २०२३ च्या राज्याभिषेकाला सरकारचे ७.२ कोटी पौंड गेले, त्यातले २.१७ कोटी पोलीस बंदोबस्ताचे. हे ग्रँटच्या बाहेरचे. राणी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी आणि शोककाळ यांवर सरकारी खात्यांचे सुमारे १६.२ कोटी झाले, तेही बाहेरचे. राजेशाहीविरोधी 'रिपब्लिक' संघटना सगळं धरून वर्षाचा खर्च ५१ कोटी सांगते. ती संघटना एका बाजूची आहे, तिचा आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही. पण तो खोडून काढायला लागणारा सुरक्षेचा खर्च सरकार जाहीरच करत नाही. सुरक्षेला धोका पोहोचेल म्हणतात. कुठल्या दारावर किती शिपाई आहेत हे कुणीच विचारत नाही. वर्षाची एक एकूण रक्कम सांगितल्याने कुठला धोका होतो, ते मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

आणि पर्यटक. टॉवर ऑफ लंडनमध्ये राजा राहत नाही, तरी तिथे रांगा लागतात.

जमाखर्च

सरकारी लेखापरीक्षणात नोकरी झाली, म्हणून या विषयात लिहायचा मोह आवरत नाही.

प्रवासाच्या बिलात घोळ नेहमी एकाच ठिकाणी होतो: कामाचा प्रवास आणि स्वतःचा प्रवास एकमेकांत मिसळतात तिथे. सकाळी एका संस्थेत फीत कापली आणि दुपारी शेजारच्या गावी गोल्फ खेळला, तर विमान कशासाठी गेलं? राजा चार्ल्स यांचे भाऊ प्रिन्स अँड्र्यू यांच्याबाबत इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं हाच वाद होता. २००५ च्या सुरुवातीला तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने राजघराण्याच्या विमान आणि रेल्वे प्रवासावर अहवाल काढला, तेव्हा विंडसर ते ऑक्सफर्ड ही हेलिकॉप्टरची फेरी गाजली. खर्च २,९३९ पौंड. आगगाडीने गेले असते तर ९७. अंतर केवढं? पुण्याहून लोणावळा जेवढं, जवळपास तेवढंच. २००१ ते २०११ ते व्यापारदूत होते आणि त्या काळातल्या प्रवासांवरून वर्तमानपत्रांनी त्यांना 'एअरमाइल्स अँडी' नाव ठेवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे किताब गेले ते वेगळ्या आणि फार गंभीर कारणाने. पण प्रवासाच्या बाबतीत त्यांना वेळीच कुणी अडवलं नाही, हेही तितकंच खरं.

आता टेम्सकाठ यांनी दिलेले आकडेच पुन्हा बघा. १४१ फेऱ्या, पावणेपाच लाख पौंड. सरासरी एका फेरीला सुमारे ३,४०० पौंड. आणि वार्षिक अहवालात तारीख, ठिकाण, कारण यांसह यादी छापतात ती फक्त १७ हजार पौंडांच्या वरच्या प्रवासांची. पूर्वी ही मर्यादा १० हजार होती. म्हणजे जवळजवळ सगळ्या हेलिकॉप्टर फेऱ्या यादीच्या खालून निघून जातात. एकूण बेरीज मिळते, पण कोण, कधी, कुठे, कशासाठी हे मिळत नाही. मोठे दौरे तर परराष्ट्र खात्याच्या विनंतीवरून ठरतात, त्यांच्यामागे पत्रव्यवहार असतो, बातम्या असतात. तपासायची खरी गरज असते ती लहान फेरीची, आणि नेमकी तीच झाकलेली आहे.

दोन गोष्टी राजघराण्याच्या बाजूनेही सांगतो. १९९७ च्या आधी विमानाचे पैसे एक खातं भरायचं, रेल्वेचे दुसरं. बिल आपल्या खिशातून जात नसलं की कुणी हात आखडत नाही. १९९७ पासून प्रवासाचं अनुदान पॅलेसच्याच हाती दिलं आणि पुढच्या काही वर्षांत तो खर्च चांगलाच उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ब्रिटानिया' हे शाही जहाजही निवृत्त केलं. म्हणजे हिशेब अंगावर आला की हीच मंडळी काटकसर करतात. आणि ग्रँटचे हिशेब आता सरकारी महालेखापरीक्षक तपासतात, ही २०११ च्या कायद्याची चांगली बाजू. २०१४ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने पॅलेसला चांगलं फैलावर घेतलं होतं. राखीव निधी २००१ मधल्या साडेतीन कोटी पौंडांवरून दहा लाखांवर आला होता आणि महालांची दुरुस्ती तुंबली होती. समिती बसली की खरं बाहेर येतं. ती दर वर्षी बसायला हवी.

स्लाउवाली

मी दुसरी बाजू मांडते, रागावू नका.

मी इथे एका धर्मादाय शुश्रूषा केंद्रात काम करते. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण असतात. काही वर्षांपूर्वी राजघराण्यातली एक व्यक्ती आमच्याकडे आली होती. कॅमेरे पाचच मिनिटं आत आले आणि मग बाहेर पाठवले. त्यानंतर ती व्यक्ती एकेका खाटेपाशी बसून बोलली. आमच्या एका आजींनी त्या दिवसासाठी केस विंचरून घेतले होते, मोत्यांची माळ घातली होती. नंतरचे कित्येक दिवस त्या तेच सांगत होत्या. देणग्या वाढल्या, स्वयंसेवक वाढले. आमच्याकडे कुठलाही मंत्री कधी आलेला नाही.

२०२४-२५ मध्ये राजघराण्याने १,९०० हून जास्त कार्यक्रम केले. एका दिवसात तीन गावं करायची तर हेलिकॉप्टर लागतं. नाहीतर सगळे दौरे लंडनच्या आसपासच होतील आणि कंब्रियातल्या, कॉर्नवॉलमधल्या लोकांनी फक्त टीव्हीवर बघायचं. चार्ल्स यांचं वय आणि आजारपण बघता त्यांनी दिवसभर गाडीत बसावं अशी अपेक्षा मला तरी बरी वाटत नाही.

आणि राणी एलिझाबेथ नाताळाला सँडरिंगहॅमला जाताना साध्या गाडीने, किंग्ज लिनच्या लोकलने जायच्या, हेही लिहायला हवं होतं.

टेम्सकाठ

ताई, रागवायचं काय त्यात? तुमचं लिहिणं वाचून त्या आजी डोळ्यांपुढे आल्या. अशा भेटीसाठी हेलिकॉप्टर लागलं तर मी बोट उचलणार नाही. तुमच्या केंद्राची भेट यादीत यायला हवी: अमुक तारीख, अमुक ठिकाण, कारण हे, खर्च एवढा. ती वाचून कुठलाही करदाता म्हणेल की पैसे सत्कारणी लागले. यादी झाकल्याने चांगल्या फेऱ्या आणि गोल्फच्या फेऱ्या एकाच बेरजेत जातात, आणि संशय दोघींवर येतो. राणीच्या किंग्ज लिनच्या प्रवासाचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. लोकांना ते अजून आठवतं, यातच सगळं आलं.

ब्रसेल्सकर

इकडच्या दोन गोष्टी.

बेल्जियममध्ये २०१३ ला कायदा बदलला. राजपुत्रांच्या भत्त्यावर कर आला आणि भत्ता मिळणाऱ्यांना काही नियम बांधले. पुढे २०१७ मध्ये प्रिन्स लॉरेंट सरकारची परवानगी न घेता चिनी वकिलातीच्या समारंभाला गणवेशात गेले. पंतप्रधानांनी प्रकरण संसदेत नेलं आणि मार्च २०१८ मध्ये संसदेने एका वर्षासाठी त्यांचा १५ टक्के भत्ता कापला. राजपुत्राची बाजू त्यांच्या वकिलाने तिथे मांडली. मतदान झालं, विषय संपला. आकाश कोसळलं नाही.

हॉलंडमध्ये राजाचा खर्च अर्थसंकल्पाचं पहिलं प्रकरण म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी संसदेपुढे येतो आणि त्यावर चर्चा होते. ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडमुळे लोकांना घरी राहायला सांगितलेलं असताना राजा विलेम-अलेक्झांडर कुटुंबासह ग्रीसला सुटीवर गेले. एवढा संताप उसळला की ते दुसऱ्याच दिवशी परतले. राजाने चित्रफितीतून जनतेची माफी मागितली आणि पंतप्रधान रुटे यांना संसदेत उत्तर द्यावं लागलं, कारण राजाच्या वागण्याची जबाबदारी तिथे मंत्र्यांवर असते. पुढच्याच वर्षी राजकन्या अमालियाला अठरा पूर्ण झाल्यावर वर्षाला सुमारे १६ लाख युरो मिळणार होते. तिने स्वतःच्या हाताने पंतप्रधानांना पत्र लिहिलं: मी अजून शिकते आहे, त्या बदल्यात माझ्याकडून काही काम होत नाही, तेव्हा तूर्त हे पैसे नकोत. अठराव्या वर्षी एवढी समज! माझ्या मुलीला मी ते पत्र मुद्दाम वाचून दाखवलं.

एक लक्षात घ्या, या दोन्ही देशांत राजेशाही टिकून आहे. हिशेब मागितल्याने राजा जात नाही.

संगमावरचा

स्पेन विसरलात. २०१२ च्या एप्रिलमध्ये देशात बेकारी भडकलेली असताना राजा हुआन कार्लोस बोट्स्वानाला हत्तींच्या शिकारीला गेले. खुबा मोडला म्हणून बातमी फुटली. माफी मागूनही गेलेली पत परत आली नाही, २०१४ मध्ये गादी सोडावी लागली. मुलगा फेलिपे यांनी २०२२ मध्ये आपली खासगी संपत्ती जाहीर केली, सुमारे २६ लाख युरो.

करवीरकर

कुणी तरी आपल्या तिजोरीची आठवण काढेल म्हणून वाट बघत होतो.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराला पाचवा जॉर्ज आला. ब्रिटिश राजमुकुट देशाबाहेर न्यायला कायद्याची मनाई, म्हणून नवा मुकुट घडवला. किंमत ६० हजार पौंड, आणि ते भरले हिंदुस्थानच्या तिजोरीने. दरबारात तो एकदा डोक्यावर चढला आणि परत लंडनला गेला. आजही तो टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं याहून वेगळं काय असतं? त्याच्याही आधी, १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, तेव्हा इंडिया ऑफिसात त्याच्यासाठी नाचाचा मोठा समारंभ झाला, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. तिथल्या संसदेत हेन्री फॉसेट नावाचे एक अंध खासदार त्यावर बोलत राहिले, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. ज्या शेतकऱ्याने सारा भरला त्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं.

म्हणून टेम्सकाठ यांच्या प्रश्नाला माझा पूर्ण पाठिंबा. ज्याचा पैसा त्याला विचारायचा हक्क.

स्वतंत्र भारतात संस्थानिकांचे तनखे होते. संस्थानं विलीन झाली त्या बदल्यात राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाने दिलेला शब्द होता तो. बडोद्याला वर्षाला साडेसव्वीस लाख, आणि काठियावाडातल्या कटोदियाला १९२ रुपये. वर आयकर माफ, तोफांची सलामी, गाडीला खास पाटी. सप्टेंबर १९७० मध्ये रद्द करायचं विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने मान्यता काढली. माधवराव शिंदे न्यायालयात गेले आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने सगळं संपलं. दिलेला शब्द मोडला, असं म्हणणारे लोक आमच्या गावात आजही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण माझं मत विचाराल तर जन्मामुळे मिळणारा करमाफ पैसा लोकशाहीत कधी ना कधी जाणारच होता.

छत्रपती घराण्याला कोल्हापुरात मान आहे, तो तनख्यामुळे नाही. तनखा जाऊन अर्धशतक उलटलं, मान आहे तिथेच आहे.

मुठेकाठी

करवीरकर, शेवटचं वाक्य पटलं. पण मग आपल्या मंत्र्यांची विमानं, लाल दिव्यांच्या गाड्या...

टेम्सकाठ

त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे राजघराण्यांवरच राहू या.

नर्मदातीर

इंदूरहून लिहितोय. 'कामाचा प्रवास आणि स्वतःचा प्रवास एकमेकांत मिसळतात' हे वाचून राहवलं नाही, कारण ही सरमिसळ होऊ नये याची तजवीज मराठेशाहीत होळकरांकडे होती.

मल्हाररावांच्या सांगण्यावरून १७३४ च्या जानेवारीत पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळं उत्पन्न लावून दिलं. तीच होळकरांची 'खासगी'. राज्याचा महसूल तो 'दौलती'चा, त्यातून फौज आणि कारभार. खासगीचं उत्पन्न वेगळं, तिचे कारभारी वेगळे, वह्या वेगळ्या. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जी मंदिरं, घाट, धर्मशाळा, विहिरी उभ्या केल्या, त्यांचा खर्च खासगीतून होत असे. हातात अख्खी दौलत असताना स्वतःच्या श्रद्धेच्या कामाला तिच्यात हात घालायचा नाही, ही शिस्त अठराव्या शतकातल्या एका विधवा बाईंनी पाळली. तळे राखील तो पाणी चाखील, हे आपण फार सहज म्हणून सोडून देतो. इकडे तसं घडलं नाही, याचा मला माळव्याचा माणूस म्हणून अभिमान आहे.

विश्वामित्रीकाठची

बडोद्याची भर. सयाजीराव महाराजांचे परदेश दौरे तर त्या काळी गाजलेला वाद होता. १९०० साली व्हाइसरॉय कर्झनने परिपत्रक काढलं: संस्थानिकांनी उठसूट युरोपला जाऊ नये, जायचं तर आधी परवानगी घ्यावी आणि प्रजेला त्याचा काय फायदा ते दाखवावं. रोख महाराजांवरच आहे असं तेव्हा सगळेच समजत होते. महाराजांना हा अपमान वाटला. मलाही वाटतो, कारण विचारणारा प्रजेचा कुणी नव्हता, परका अंमलदार होता.

पण प्रजेला फायदा काय, हा प्रश्न मात्र रास्तच होता, आणि त्याचं उत्तर महाराजांकडे होतं. अमेरिकेतली वाचनालयं बघून आले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. गावोगाव वाचनालयं झाली, पेट्यांमधून फिरती पुस्तकं गेली. माझ्या आजोळच्या गावात अशी एक जुनी पेटी मी पाहिली आहे.

त्याच गादीवरचे त्यांचे नातू प्रतापसिंहराव. त्यांनी खजिन्यातून काढलेल्या मोठमोठ्या रकमा आणि परदेशातला खर्च यांवर लोकांच्या प्रतिनिधींनी हिशेब मागितला, आणि अखेर १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांना गादीवरून दूर केलं. एकाच घराण्यातले दोन प्रवासी. एकाच्या दौऱ्यातून वाचनालयं आली. दुसऱ्याच्या दौऱ्याचं बिल शेवटी गादीने चुकवलं.

जमाखर्च

फार छान भर. मला वाटतं 'प्रजेला फायदा काय' हा रकाना त्या १७ हजारांच्या यादीत जोडायला हरकत नाही. मार्च २०२२ मध्ये विल्यम आणि केट बेलीझ, जमैका, बहामासला गेले, प्रवासखर्च २,२६,३८३ पौंड. बेलीझमधली एका गावाची भेट तिथल्या लोकांच्या विरोधामुळे रद्द झाली. जमैकाच्या पंतप्रधानांनी तोंडावर सांगितलं की आम्ही प्रजासत्ताक होणार आहोत. बार्बाडोस चार महिने आधीच झालं होतं. संबंध टिकवायला काढलेल्या या दौऱ्यातून काय निष्पन्न झालं, ते परराष्ट्र खात्याने लेखी सांगायला हवं होतं. अहवालात फक्त रक्कम छापली.

स्लाउवाली

सगळं वाचलं. माझं मत बदललं नाही, आमच्याकडच्या भेटीचं मोल मला ठाऊक आहे. पण यादीच्या मुद्द्यावर मी टेम्सकाठ यांच्या बाजूने आहे. नुसतं इथे लिहून काय होणार? इथे खासदाराला पत्र लिहिलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं.

टेम्सकाठ

लिहू या. मसुदा टाकतो, सुधारणा सुचवा.

पहिली मागणी: प्रत्येक प्रवासाची नोंद छापावी, १७ हजारांची अट काढावी. सुरक्षेसाठी हवं तर सहा महिने उशिरा छापा. दुसरी: ग्रँट आदल्या वर्षापेक्षा कमी होणार नाही, हे कलम वगळावं. तिसरी: पोलीस बंदोबस्ताची वर्षाची एकच एकूण रक्कम जाहीर करावी. चौथी: लोकलेखा समितीने दर वर्षी एक बैठक फक्त या हिशेबावर घ्यावी.

जमाखर्च

पहिल्या मागणीत 'रिकाम्या फेऱ्यांसह' असं घाला. पाहुण्याला सोडून हेलिकॉप्टर रिकामं परत येतं, त्याचंही इंधन जळतं.

स्लाउवाली

आणि त्याच मागणीत एक रकाना वाढवा: ज्या संस्थेला भेट दिली तिचं म्हणणं. दोन ओळी पुरेत. आमच्या केंद्राकडून त्या दोन ओळी लिहायला मी आनंदाने तयार आहे. पत्रावर माझी सही धरा.

टेम्सकाठ

दोन्ही घातले. इंग्रजी मसुदा रविवारपर्यंत तयार करतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या खासदाराला स्वतःच्या शब्दांत लिहावं, एकच पत्र सगळ्यांनी पाठवलं तर ते बाजूला पडतं. उत्तरं आली की याच धाग्यावर टाकू.